जुनं फर्निचर विकायचंय? आधी ते वाचायला शिका



जुन्या फर्निचरच्या धंद्यावर व्हिडिओ टाकल्यापासून शिरवळ, खंडाळा, भोर, वाई या पट्ट्यातून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, आमच्याकडे वाडे उतरवतायत. कपाटं, पलंग, खांब भंगाराच्या भावात जातायत. पुण्यात तेच हजारोंनी विकतात म्हणे. सुरू करू का?"

करा. पण घाईत टेम्पो भरू नका. व्हिडिओत जे बसलं नाही ते इथे सविस्तर लिहितोय. चहा घ्या आणि वही-पेन जवळ ठेवा.

सगळ्यात आधी एक वाक्य लिहून घ्या : या धंद्यात तुमचा खरा माल म्हणजे वस्तूबद्दलची माहिती. नुसतं लाकूड वखारीतही मिळतं आणि त्याचा भाव घनफुटावर ठरतो. हे कपाट कुठल्या घरातलं, कोणत्या लाकडाचं, कशा सांध्यांचं, त्यात काय बदललंय हे ज्याला सांगता येतं, त्याला वेगळा भाव मिळतो. ज्याला सांगता येत नाही तो भंगारवालाच. फक्त त्याचं भांडवल जास्त अडकलेलं असतं.

जागा चांगली आहे, पण तेवढ्याने भागत नाही

शिरवळची जागा या धंद्याला सोयीची आहे, हे मान्य. पुणे-सातारा महामार्गावरचं गाव, पुण्यापासून साधारण ५० किलोमीटर. नीरा ओलांडली की पुणे जिल्हा, एका बाजूला भोर, आणि खंबाटकी घाट उतरला की वाई. जुने वाडे एका बाजूला आणि फ्लॅटमध्ये जुनी आरामखुर्ची ठेवायला उत्सुक असलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला. मधे तुम्ही. पुण्यापेक्षा कमी भाड्यात गोडाऊनही मिळू शकतं.

पण ही सोय तुमच्या शेजाऱ्यालाही आहे. टेम्पो त्यालाही मिळतो. तुमच्याकडे त्याच्यापेक्षा जास्त काय असणार? इथे थोडं लांब जाऊन येऊ. धंद्याचा धडा तिकडे फार स्वच्छ दिसतो.

एक कपाट आणि ३ लाख ६३ हजार डॉलर

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कारखान्यातून स्वस्त, एकसारखा, भडक नक्षीचा माल बाहेर पडायला लागला. त्याला कंटाळून काही लोक म्हणाले, वस्तू हाताने घडवलेली, साधी आणि प्रामाणिक हवी. सांधा लपवायचा कशाला, तो दिसू दे. विल्यम मॉरिस हे त्यातलं मोठं नाव. त्याने १८६१ साली भागीदारांबरोबर स्वतःची कंपनी काढली : फर्निचर, रंगीत काचा, पुढे भिंतींचे कागद आणि कापड. १८८७ मध्ये लंडनमध्ये 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' नावाची प्रदर्शन संस्था निघाली आणि या सगळ्या चळवळीला तेच नाव पडलं.

हे वारं अमेरिकेत गेलं. तिथे गुस्ताव्ह स्टिकली नावाच्या उद्योजकाने ओकच्या लाकडाचं जाडजूड, साधं फर्निचर बनवलं. १९०१ पासून 'द क्राफ्ट्समन' नावाचं मासिक काढलं. आपल्या मालावर तो स्वतःची खूण उमटवायचा. मग आवड बदलली, खर्च वाढला आणि १९१५ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. पुढची कित्येक वर्षं त्याच्या फर्निचरला कुणी विचारत नव्हतं.

१९७२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात या चळवळीवर मोठं प्रदर्शन भरलं. कॅटलॉग निघाला, अभ्यासक लिहायला लागले, लोक खुणा ओळखायला लागले. १९८८ मध्ये स्टिकलीच्या स्वतःच्या घरातलं जेवणघरातलं एक कपाट लिलावात निघालं. गायिका-अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसँड हिने ते ३ लाख ६३ हजार डॉलरला घेतलं.

आता मला सांगा, या मधल्या वर्षांत त्या कपाटाच्या लाकडात काय बदल झाला? काहीच नाही. बदल झाला तो माहितीत. कुणी बनवलं, कधी, कसं, कुणाच्या घरात होतं, हे लिहिलेलं सापडलं आणि खूण जागेवर होती. कुणी हुशारीने ती खूण घासून चकचकीत पॉलिश मारलं असतं, तर?

आपल्याकडेही हे झालंय

या चळवळीतल्या लोकांना भारतीय कारागिराचं मोठं आकर्षण होतं आणि त्यांचा एक धागा थेट आपल्याकडून जातो. जॉर्ज बर्डवुड हा बेळगावात १८३२ साली जन्मलेला डॉक्टर. भायखळ्याचं जे संग्रहालय आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जातं, त्याच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा. १८८० मध्ये त्याने भारतातल्या कारागिरीवर मोठा ग्रंथ लिहिला. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग शिकवायला आला. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, दारांवरची दगडातली शिल्पं त्याचीच. त्याने कामावर बसलेल्या कारागिरांची चित्रं काढली, ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पुढे १८९१ मध्ये जे. जे.मध्ये हस्तकलांसाठी रे आर्ट वर्कशॉप सुरू झालं.

आणि आपला माणूस बघायचा तर डॉ. दिनकर केळकर. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे. लोक राजा-महाराजांच्या वस्तू बघायचे, केळकर घरातल्या वस्तू बघायचे : अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, कोरीव दारं, स्वयंपाकाची भांडी. गावोगाव फिरून त्यांनी २० हजारांच्या वर वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. लोक अडगळ म्हणून टाकत होते त्याच वस्तू आज काचेच्या कपाटात आहेत. केळकरांनी धंदा केला नाही, पण बघायचं कसं ते शिकवलं. आणि आपल्या धंद्यातलं पहिलं भांडवल बघणं हेच आहे.

वस्तू वाचायची कशी?

विकणारा म्हणेल, "दोनशे वर्षांचं आहे, बर्मा टीक आहे." प्रत्येक जुनं कपाट बर्मा टीकच असतं, हे तुम्हीही ऐकलंय! तुम्ही मान डोलवा आणि खाली बसून बघायला लागा.

१. उलटं करून बघा. समोरची बाजू सगळेच सजवतात. खरं काय ते पाठ, तळ आणि खणाच्या आतल्या बाजूला दिसतं. हाताच्या रंध्याने तासलेल्या फळीवर बोटं फिरवली तर हलके चढउतार लागतात. गोल पात्याच्या मशीन करवतीच्या खुणा अर्धगोल दिसतात, हातकरवतीच्या सरळ.

२. सांधा बघा. जुन्या सुताराने कुसू आणि खाच करून, वर लाकडी खुंटी ठोकलेली असते. खणाच्या कोपऱ्यात पारव्याच्या शेपटीसारखे डव्हटेल सांधे असतील तर मोजा. हाताने केलेले थोडे लहान-मोठे असतात, मशीनचे अगदी एकसारखे.

३. खिळे आणि स्क्रू बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला. 'दोनशे वर्षांच्या' पलंगात तो दिसला तर एकतर नंतर दुरुस्ती झालीय, नाहीतर गोष्ट रचलेली आहे. दुरुस्ती असणं वाईट नाही. ती लपवणं वाईट.

४. लाकूड ओळखा. काळा रंग दिलेलं आंब्याचं लाकूड 'शिसवी' म्हणून खपवतात. शिसम जड असतं, उचलल्यावर कळतं. रंग न लागलेली जागा शोधा, ती बहुधा तळाला सापडते.

५. पॉलिश तपासा. न दिसणाऱ्या जागी कापसावर थोडं स्पिरिट घेऊन टेकवा. जुनं लाखेचं पॉलिश चिकट होतं, मेलामाइन होत नाही. अर्थात मालकाची परवानगी घेऊनच.

६. झीज कुठे आहे ते बघा. खुर्चीचे हात, खणाच्या कडा, कडी-कोयंड्याभोवतीची जागा इथेच झीज व्हायला हवी. जिथे कुणाचा हात कधी जात नाही तिथे झीज दिसली, तर ती पॉलिश पेपरने केलेली आहे.

७. वाळवी आणि भुगा. तळाशी पिठासारखा ताजा भुगा पडतो का बघा. नवीन आणलेली वस्तू एकदम गोडाऊनमध्ये घालू नका. महिनाभर वेगळी ठेवा, भिंतीपासून लांब आणि विटांवर. एक किडकं फडताळ बाकीचा सगळा माल खाऊ शकतं.

खरवडू नका

नवशिक्या पहिल्याच महिन्यात जे करतो ते हे : वस्तू आणली, पॉलिश पेपरने पार उघडी केली, वर चकचकीत पॉलिश मारलं, पितळी कड्या काढून नवीन हँडल लावले. झालं! शंभर वर्षांची वस्तू आता गेल्या वर्षीची दिसते, आणि भावही गेल्या वर्षीच्याच मिळतो.

मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवण्यासाठी एक संस्था काढली होती. तिचं टोपणनावच पडलं 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडणाऱ्यांच्या विरोधातली. दुरुस्तीच्या नावाखाली जुन्या भिंती खरवडून नव्यासारख्या करायला त्यांचा विरोध होता. पडझड थांबवा, पण काळाने उमटवलेलं पुसू नका, असं त्यांचं म्हणणं. फर्निचरलाही हाच नियम लावा.

क्रम असा ठेवा. आधी फोटो. मग कोरड्या कापडाने धूळ. मग ढिले सांधे. मग कीड. पॉलिश सगळ्यात शेवटी, आणि गरज असेल तरच. जे काढाल ते पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून ठेवा. तुटकी पितळी कडीसुद्धा.

यासाठी जुनं काम येणारा सुतार लागतो, आणि तोच आज सगळ्यात दुर्मीळ आहे. प्लाय आणि सनमायकाचं काम करणारे पुष्कळ भेटतील. पण किकरं आणि पटाशी घेऊन खाच काढणारे, वेत विणणारे, लाख चढवणारे शोधावे लागतात. असा माणूस सापडला तर त्याच्याशी घासाघीस करू नका. त्याच्या हाताखाली एक तरुण पोरगा लावा आणि पोराला पगार द्या. सावंतवाडीच्या राजघराण्याने १९७० च्या दशकात लाखकाम आणि गंजिफा पुन्हा उभी केली ती अशीच, जुन्या जाणत्या हातांखाली नवे हात तयार करून. कारागीर संपला की तुमचा धंदाही संपला, हे गृहीत धरूनच चाला.

आता हिशेब

खालचे आकडे फक्त समजावण्यासाठी आहेत. तुमच्या भागातले आकडे तुम्ही भरा. समजा, एक शिसवी आरामखुर्ची आणि मेज असा जोड ८,००० रुपयांना घेतला आणि २६,००० ला विकला. नवशिक्या म्हणतो, १८,००० सुटले! थांबा.

- खरेदी : ८,०००
- टेम्पो आणि हमाली : १,५००
- सुतार, ४ दिवस : ४,०००
- वेत, लाख, किरकोळ सामान : १,५००
- फोटो आणि पॅकिंग : ५००
- गोडाऊनचा वाटा, ६ महिने : ३,०००

एकूण १८,५००. राहिले ७,५००. गिऱ्हाईक इंटिरियर डिझायनरकडून आलं आणि त्याला दहा टक्के दिले, तर २,६०० गेले. हातात ४,९००, तेही सहा महिन्यांनी, आणि कर अजून बाकी. हा धंदा वाईट नाही, पण यात माल हळू फिरतो. म्हणून कर्ज काढून स्टॉक भरू नका. दहा वस्तूंनी सुरुवात करा. त्यातल्या पाच विकल्याशिवाय अकरावी घेऊ नका.

जीएसटीचं एक कलम तुमच्या फायद्याचं आहे. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विक्री आणि खरेदी यांच्या फरकावर कर भरायची सोय आहे. अट अशी की खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेलं नसावं आणि वस्तूचं मूळ रूप बदलेल असं काम केलेलं नसावं. वरच्या उदाहरणात फरक १८,००० धरला जाईल. दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा होत नाही. म्हणून भाव ठरवतानाच कर धरा, आणि सी.ए.बरोबर एकदा बसा.

कायदा : इथे हयगय नको

१९७२ चा पुरावस्तू कायदा नीट समजून घ्या. कला, कारागिरी किंवा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आणि किमान १०० वर्षं जुनी वस्तू 'पुरावस्तू' ठरू शकते. तिची विक्री हा धंदा म्हणून करायचा तर परवाना लागतो. खाजगी व्यक्तीला ती परदेशात पाठवता येत नाही. पाठवली तर तुरुंगवासाची शिक्षा आहे. १०० वर्षांच्या आतली वस्तू बाहेर पाठवायची तर ती पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेता येतं. आणि ही रेषा दरवर्षी पुढे सरकते. १९२० साली घडलेलं कपाट काही वर्षांपूर्वी रेषेच्या अलीकडे होतं, आज पलीकडे आहे. म्हणून सुरुवात १९३० ते १९६० मधल्या फर्निचरने करा. माल भरपूर मिळतो आणि डोक्याला ताप कमी.

हस्तिदंताचं जडावकाम असेल तर हातच लावू नका, त्याचा व्यापार बंद आहे. शिसवी वस्तू परदेशी पाठवताना लाकडाची वेगळी कागदपत्रं लागू शकतात, कारण शिसम आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. आणि देवळातली मूर्ती, प्रभावळ, पालखी कुणी कितीही स्वस्त देऊ केली, तरी सरळ नाही म्हणा.

विकणाऱ्या घराशी कसं वागायचं?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. समोर बहुतेक वेळा एखादी आजी असते, नाहीतर गाव सोडून गेलेला मुलगा. त्यांना वस्तूची किंमत माहीत नसते, तुम्हाला असते. या फरकावर एकदा मोठा नफा मिळेलही. पण शिरवळ-भोर पट्ट्यात बातमी एसटीच्या आधी पोचते. "त्याने माईंचा पलंग पाचशेला उचलला" हे एकदा पसरलं की पुढचं दार उघडणार नाही.

त्यासाठी दोन पर्याय समोर ठेवा. एक, रोख खरेदी. दोन, वस्तू तुमच्याकडे विक्रीसाठी ठेवायची. विकली की ठरलेलं कमिशन तुमचं, बाकी त्यांचं. दुसऱ्या पर्यायात तुमचं भांडवलही अडकत नाही. दोन्ही वेळेला कागद करा.

कागदावर काय हवं? विकणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची प्रत, वस्तूचं वर्णन, फोटो, रक्कम, तारीख. आणि वाडा सामायिक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची सही. भावाभावांतल्या भांडणात सगळ्यात आधी वस्तू नेणाऱ्याचं नाव पोलिसांत जातं. पैसे शक्यतो बँकेतून द्या. आणि उभा वाडा "पाडा, मी लाकूड घेतो" असं कुणाला सुचवू नका. उतरतोय त्यातलं घ्या.

निघण्याआधी पाच मिनिटं बसून विचारा : हे कुणी बनवलं? कुठल्या खोलीत होतं? लग्नात आलं का? सुताराचं नाव कुणाला आठवतंय? मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांना सांगून. वाड्यांमधल्या बहुतेक सुतारांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. आजी आहे तोवरच ती मिळतील. टेम्पो हलला की ही माहिती कायमची गेली, आणि तुमच्या मालातली सगळ्यात महाग गोष्टही गेली.

या महिन्याचा गृहपाठ

एक रुपयाही न गुंतवता एवढं करा.

१. पुण्यात केळकर संग्रहालयात अर्धा दिवस घालवा. नुसतं फिरू नका. दहा वस्तू निवडा आणि सांधे, कड्या, कोरीवकाम वहीत काढा.

२. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघा. खांब, महिरपी, दारं आपल्या जागेवर कशी दिसतात ते समजून घ्या. सातारा जिल्ह्यातच औंधचं श्रीभवानी संग्रहालयही आहे, तेही जमवा.

३. स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या घरातल्या दहा जुन्या वस्तूंचं एकेक पान तयार करा : माप, लाकूड, सांधा, झालेली दुरुस्ती, घराची माहिती, चार फोटो. एक फोटो तळाचा हवाच.

४. तुमच्या पंचवीस किलोमीटरच्या आतले जुनं काम येणारे सुतार, वेत विणणारे आणि पितळकाम करणारे शोधा. त्यांचे फोन नंबर आणि दिवसाचा दर लिहा.

ही दहा पानं भरताना कंटाळा आला तर हा धंदा तुमचा नाही. वाईट वाटून घेऊ नका, दुसरे धंदे आहेत आणि त्यांवरही आपण बोलतोच. पण अकरावं पान भरायला हात आपोआप सरसावला, तर वही तीच ठेवा. उद्या तोच तुमचा स्टॉक रजिस्टर.

भेटूया पुढच्या लेखात.